सरांचा चाकू

आमचे सर पॅलेट कधी धुतच नाहीत. जुन्या रंगावर नवा, त्यावर परवाचा. त्यांच्या स्टुडिओतल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक उचलायला जावं तर खालचे दोन चिकटून येतात.

सर पंच्याहत्तरी पार केलेले चित्रकार. मिरजगावच्या बाहेर कांदे साठवायची त्यांची जुनी चाळ आहे, तोच स्टुडिओ. मी आणि माझी मैत्रीण सुनीता रविवारी तिथं चित्रकला शिकायला जातो. चाळिशी उलटल्यावर बायकांना गुडघे छळतात, मी कलेला छळायला घेतलं.

पहिल्याच रविवारी मी मन लावून डाळिंब रंगवलं. सरांनी चष्मा पुसून बघितलं. "कांदा झ्याक आलाय."

"सर, डाळिंब आहे ते."

"असू दे. चाळीत चालतंय."

*

एकदा सरांचं चित्र मला इतकं आवडलं की फोटो काढून स्टेटसला ठेवला. सुनीतानं सांगितलं, अगं, ते उलटं आहे. रंगांचा तोल बघायला सर चित्र उलटं टांगून ठेवतात. मी तोंड लपवत सरांना सांगितलं.

सर खूश. "उलटं आवडलं ना? मग सुलटं करायला हरकत न्हाई."

*

यंदा बऱ्याच वर्षांनी सरांचं नगरला प्रदर्शन ठरलं. हॉलच्या मधल्या भिंतीसाठी मोठं चित्र काढायला घेतलं. ऊसतोडीवरून गावी परतलेल्या बाया ट्रकमधून उतरतायत. मागं संध्याकाळचं आभाळ. आम्ही दोघी त्या आभाळावर अर्धा तास बोललो.

पुढच्या रविवारी आभाळ गायब! तिथं नुसता मातकट पट्टा. सरांची ती जुनी खोड. ज्याचं कौतुक होतं ते रंगाच्या चाकूनं खरवडून टाकायचं.

"काय केलंत हे, सर?"

"तुमी आभाळच बघत बसल्या. त्या बाया येवढ्या लांबून आल्यात, एकीनं तरी त्यांच्याकडं बघितलं का?"

*

मग काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, चाकूच लपवला. सर सगळी चाळ धुंडाळत होते. मी पाणी प्यायला घरात गेले, तर काकू त्याच चाकूनं परातीचं पीठ खरवडत होत्या.

"काकू, सर शोधतायत."

"शोधू दे. हितं खरवडलं तर भाकरी तरी हुती."

सर कसले थांबतायत! एसटीच्या सवलतीच्या कार्डानं त्यांनी चित्रातल्या एका बाईचं लुगडं खरवडलं. हॉल बघायला नगरला जाताना कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कार्डाला हे हिरवं काय लागलंय?"

सर म्हणाले, "लुगडं."

*

हसत होतो, पण धाकधूकही होती. सरांचा हात आता थरथरतो. काकूंना ते म्हणाले होते, "येवढं मोठं चित्र आता परत व्हायचं न्हाई माझ्यानं." आणि तेच चित्र ते रोज थोडं थोडं खरवडत होते. भिंतीवर लावायला काही उरणार का, हाच प्रश्न.

मी हाताबद्दल हळूच विचारलं. सरांनी ब्रश कॅनव्हासवर टेकवला आणि हात थरथरू दिला. "ही बघ बाभळ. आधी एकेक पान काढायला लागायचं. आता आपोआप येत्यात."

*

प्रदर्शनाच्या दिवशी चित्र मधल्या भिंतीवर होतं. रंग ओला होता, पण होतं. आभाळाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एक अनोळखी बाई चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. ट्रकमधून उतरणारीच्या डोक्यावरचं बोचकं घ्यायला जावं तसा तिनं हात पुढं केला. हॉलवाला ओरडला, "हात लावू नका, ओलंय!"

तेवढ्यात सर पुढं झाले. एका कोपऱ्याकडं डोळे बारीक करून बघता बघता त्यांचा हात खिशात गेला. सुनीतानं माझा दंड घट्ट धरला. खिसा रिकामा होता. कार्डसुद्धा काकूंनी सकाळीच काढून घेतलं होतं.

काकूंनी पर्स उघडली आणि चाकू बाहेर काढला. घासूनपुसून लख्ख केलेला.

"घ्या. कुठं खरवडायचंय तिथं खरवडा."

सरांनी चाकू घेतला. चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग मी वाटायला आणलेल्या बॉक्समधला एक पेढा उचलला, चाकूनं त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा काकूंपुढं धरला.