दादांचा फोन दादांच्याच खिशात

पन्नाशी उलटली तरी घरात भाऊ-वहिनी तिला धाकटीच म्हणत. पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण घरात तिच्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. घराचा नियम एकच: काहीही झालं की आधी थोरल्या दादांना फोन. नळ फुटला, दादा. चोरी झाली, दादा. एकदा स्वयंपाकघर पेटलं तेव्हाही फोन दादांनाच गेला आणि दादांनी ओळखीच्या रंगाऱ्याला लावला!

धाकटीचा नवराही या नियमापायीच गेला. त्याच्या छातीत कळ आली आणि सगळे दादांच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट बघत बसले. तिने कुणाला बोल लावला नाही. पण आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

त्या सकाळी ती दादांच्या बैठकीत पडदे टांगत होती. दादांच्या हातून चहाचा कप निसटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं बोबडं झालं. मधला भाऊ धावत आला आणि सवयीने त्याने दादांनाच फोन लावला. तो दादांच्या खिशात वाजू लागला.

"अहो, तुमचा फोन वाजतोय," वहिनी रडत म्हणाल्या.

"ठेव तो फोन!" धाकटी स्टुलावरून कडाडली. तिने थेट रुग्णवाहिकेला फोन लावला. "तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलला जात नाहीये. पक्षाघात वाटतोय."

"कधीपासून?" पलीकडून विचारलं.

"एक पडदा टांगून होईल एवढाच वेळ झालाय. दहा मिनिटंही नाही झाली. " तिने पत्ता सांगितला. "गल्लीत गाडी वळत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी या, आमचा माणूस उभा असेल." मधला बेकरीकडे पळाला.

वहिनींनी पाणी आणलं. तिने पेला काढून घेतला. "ठसका लागेल त्यांना."

"अगं, पण यांच्या ओळखीचे डॉक्टर..."

"ओळख नंतर, वहिनी. आधी गाडी."

गाडी आली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत. काही दिवसांनी दादा स्वतःच्या पायांनी घरी आले. जीभ जराशी जड होती, एवढंच.

त्याच संध्याकाळी मधल्याचा त्याच्या घरून फोन. "दादा, घरात गॅसचा वास येतोय, काय करू?"

"गाढवा, सगळ्यांना घेऊन बाहेर पड! मग गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरावर फोन कर. मला काय करतोस?" दादा ओरडले. मग धाकटीकडे वळले. "बरोबर ना गं?"

उभ्या जन्मात दादांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. धाकटीला इतका आनंद झाला की तिचं "बरोबर!" शेजारच्या घरातही ऐकू गेलं.