शिंगणापुरातलं एक कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईला नाही, डॉक्टरांना नाही, लॅबमधल्या मित्रांनाही नाही. अण्णांना — माझ्या वडिलांना — सांगायची गरज नाही, त्यांना ठाऊक आहे. म्हणजे, मला तसं वाटतं. तेही मी कधी विचारलेलं नाही.

सुरुवात कुठून करू? पेटीपासून करतो.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. नगरला होस्टेलवर निघालो तेव्हा अण्णांनी पत्र्याची मोठी पेटी घेतली आणि रंगाऱ्याकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलं. नावापुढे बी.एस्सी. पहिल्या वर्षाची फी भरायची होती अजून, आणि हे आधीच बी.एस्सी. मी लाजलो, पण पेटी मिरवत नेली. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. सायेब म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण छाती फुगवून म्हणतात. आणि मीही — खोटं कशाला बोलू — ते सायेब अंगाला लावून घेतलं.

केमिस्ट्री झाली. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. ताई लग्न होऊन कर्जतला गेलेली; आई गेल्यावर घरात अण्णा आणि मी, दोघंच उरलो. अण्णांचं शनिमंदिराच्या रस्त्याला लहानसं दुकान होतं — रुईच्या माळा, तेलाच्या बाटल्या, काळ्या बाहुल्या. मी पहाटे उठून दोघांचा स्वयंपाक करायचो आणि मोटरसायकलवर टांग टाकायचो. आईच्या हाताखाली थोडंफार शिकलो होतो. बाजरीची भाकरी मला चांगली थापता येते. त्याचाही गर्वच.

मग अण्णांना शुगर निघाली. चांगलीच वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, घरात शिकलेलं कोण आहे? मी म्हणालो, मी. त्यावर ते फक्त माझ्याशी बोलले. म्हणाले, भाकरी-भात कमी करा, पण एकदम बंद करू नका. बंद करायचं ठरवलंत तर आधी मला येऊन भेटा, कारण मग गोळी कमी करावी लागते, नाहीतर साखर फार खाली जाईल.

सरळ वाक्य होतं. मला कळलं होतं. हे इथंच नोंदवून ठेवतो, कारण पुढं मी 'कळलं नाही' असं म्हणू शकणार नाही.

मी मोबाईलवर वाचायला लागलो. कमी पिठाचं, कमी साखरेचं जेवण, त्यानं कुणाची शुगर कशी उतरली, कुणाच्या गोळ्या कशा सुटल्या. वाटलं, आपण हे करायचं. तीन महिन्यांनी रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा आणि त्यांनी चष्मा काढून विचारायचं, हे कसं केलंत? त्यांना आधीच जाऊन विचारलं असतं, तर मग त्यात माझं काय राहिलं असतं?

भाकरी आधी निम्मी केली, मग पाव, मग बंद. तिच्या जागी जवसाचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट मिसळून भाकरी करायला गेलो. ती हातावरच फाटायची, तव्यावर पडेपर्यंत चार तुकडे. अण्णांनी एक तुकडा बोटात धरून उजेडात पाहिला. "सायेब, ही पेंड हाय. बैल असता तर खूश झाला असता." फ्लॉवर किसून, वाफवून भात म्हणून वाढला. "भाताचं सोंग हाय जनू," म्हणाले, आणि खाल्ला. मेथी, शेपू, भरलेलं दोडकं, वांग्याचं भरीत, वर तुपाची धार. ज्या माणसानं साठ वर्षं भाकरीशिवाय जेवण पाहिलं नाही तो दोडकं नुसतंच खात होता, आणि भाकरी मोडायची ती बोटं ताटात काहीतरी शोधत राहायची. मला दिसायचं ते. दिसायचं आणि मी वही उघडायचो.

कारण वहीत आकडे उतरत होते. दोनशे दहा. एकशे चाळीस. एकशे दहा. लॅबमध्ये नमुना तपासावा तसं मी रोज सकाळी त्यांचं बोट टोचायचो. ज्या दिवशी अठ्ठ्याहत्तर आला, त्या दिवशी मी लॅबमध्ये पेढे वाटले. पेढे कुठून घेतले? अण्णांच्या शेजारच्या दुकानातून, सोपानमामांकडून. अण्णा बघत होते.

त्याच सुमाराला ते म्हणायला लागले होते, अकरा-बाराला हात थरथरतात, घाम सुटतो. मी म्हणालो, शरीराला सवय होतेय, होईल बरं. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

एका सकाळी मी आंघोळ करून आलो तर अण्णा उभ्यानंच गूळ-भाकरीचा काला खात होते. भाकरी शेजारून मागून आणलेली. मला पाहून त्यांनी वाटी पाठीमागे नेली — पोरासारखी. दुसऱ्या दिवशी आकडा दोनशेच्या वर. मी काय केलं? घरातलं बाजरीचं पीठ, तांदूळ, साखर, गूळ सगळं त्या पेटीत भरलं आणि होस्टेलचं जुनं पितळी कुलूप लावलं. सोपानमामांना आणि आजूबाजूच्या दुकानदारांना बजावलं, अण्णांनी मागितलं तरी गोड द्यायचं नाही.

कुलूप. आमच्या गावात. आमच्या घराला दार नाही; चौकट आहे, पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून टेकवायची एक फळी आहे. अण्णा तर येणाऱ्या प्रत्येक भाविकाला माळ बांधून देताना सांगायचे, आमच्या गावात कुलूप न्हाई, देवाचा पहारा हाय. आणि संध्याकाळी घरी यायचे तर समोर ते.

"काढ ते. हितं चालत न्हाई."

मी म्हणालो, "ते घराला, अण्णा. पेटीला नाही."

"मग पेटी काय रानात हाय व्हय?"

मी किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पेटीवर आईची वाकळ पसरलेली होती, पार जमिनीपर्यंत. अण्णांनीच पसरली होती. कुणाला दिसू नये म्हणून. माझी लाज त्यांनी झाकली होती आणि मला वाटलं, चला, वाद मिटला.

आता तो शनिवार.

शनिवारी गर्दी असते, अण्णा सकाळपासून दुकानात उभे. सकाळी गोळी घेतली होती, दोडकं आणि दही खाल्लं होतं. माझी पहिली पाळी होती. चारच्या आधी मी घरी आलो. फळी बाजूला पडलेली, पडदा अर्धवट सरकलेला. आत अण्णा पेटीपाशी कुशीवर पडले होते. सदरा घामानं चिंब. वाकळ ओढून काढलेली. आणि त्यांच्या हाताजवळ पाट्यावरचा वरवंटा.

त्यांनी कुलूप फोडायचा प्रयत्न केला होता. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या घराची कडी वाजवली नाही, त्यानं स्वतःच्या घरात कुलपावर दगड घातला होता, गुळाच्या एका खड्यासाठी. कुलपाच्या पितळेवर चार-पाच टवके होते. फुटलं नव्हतं. चांगल्या कंपनीचं होतं.

मी पेटी उघडली, गूळ काढला, त्यांच्या हिरड्यांना चोळला. श्वास चालू होता. डोळे अर्धे उघडे, ओळख नाही. इथपर्यंत ठीक. इथं मी ओरडायला हवं होतं. सोपानमामांच्या घराची आणि आमची भिंत एक. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही.

मी आधी कुलूप खिशात घातलं. मग वरवंटा उचलून पाट्यावर ठेवला. मग पेटीतलं पीठ, तांदूळ, साखर काढून मांडणीवर डबे लावले, जसे कुठल्याही घरात असतात तसे. मग वाकळ घडी करून ठेवली. अण्णा जमिनीवर होते आणि मी घर आवरत होतो. किती मिनिटं गेली? लॅबमध्ये सेकंद मोजणारा माणूस मी, पण ती मिनिटं मला सांगता येत नाहीत. पाच? सात? एकदा त्यांच्या घशातून आवाज आला आणि मी तांदळाचा डबा हातात धरून तसाच उभा राहिलो — आणि मग तो डबा मांडणीवर ठेवला. आधी डबा ठेवला.

मग हाक मारली.

सोपानमामांनी जीप आणली. दवाखान्यात साखर बेचाळीस निघाली. सलाईन लावलं, आणि पडताना खुब्याचं हाड मोडल्याचंही तिथंच कळलं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, जेवणात काही बदल केला होता का?

तुम्हाला वाटेल, घाबरून निसटलं असेल. नाही. मी विचार केला. त्यांच्या डोळ्यात बघून म्हणालो, "नाही सर. आज शनिवार. मला न सांगता उपास धरला असेल."

अण्णांनी शनिवारचा उपास शुगर निघाल्या दिवसापासून सोडला होता. मीच सोडायला लावला होता.

ताई कर्जतहून रात्रीपर्यंत येऊन पोचली आणि शुद्धीवर आलेल्या अण्णांच्या उशाशी उभी राहून तिनं तोंड सोडलं. "उपास करायचा आन् वर पेढा बी मागायचा? देव म्हनला व्हता का जीव दे म्हनून? ह्यो पोरगा पहाटं उठून तुमच्यासाठी चुलीम्होरं बसतोय, त्याची तरी लाज धरा." पेढ्याचं तिला सोपानमामांनी सांगितलं होतं. दुपारी अण्णांनी त्यांच्याकडे एक पेढा मागितला होता, आणि त्यांनी दिला नव्हता. मामांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तूच सांगितलं हुतंस म्हनून दिला न्हाई. बरं केलं ना मी?"

मी म्हणालो, "बरं केलंत मामा."

अण्णांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझा हात खिशात होता, कुलपावर. ते काय बोलतील याची मी वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्यांच्या हाडाची काळजी नव्हती.

"व्हय," ते म्हणाले. "धरला हुता. चुकलं."

ताईनं त्यांच्याकडून शपथ घेतली, पुन्हा उपास नाही. त्यांनी शपथ घेतली.

डॉक्टरांना माझ्याकडून खरं कळलं नाही, म्हणून गोळ्या तशाच राहिल्या. मी गुपचूप अर्धी भाकरी ताटात परत आणली. तीन महिने प्रत्येक सकाळी मी बोट दोनदा टोचून आकडा ताडून बघायचो. मग एक दिवस मी डॉक्टरांकडे गेलो आणि जणू पहिल्यांदाच सुचतंय असं म्हणालो, भाकरी-भात कमी करावा म्हणतोय, गोळीचं काय करू? त्यांनी गोळी कमी करून दिली, दर आठवड्याला आकडे मागवले, हळूहळू सगळं बसवून दिलं. शेवटी म्हणाले, असं विचारून करणारी माणसं कमी. मी मान खाली घातली; त्यांना तो विनय वाटला.

आता अण्णांची शुगर बरी असते. काठी घेऊन चालतात. उभं राहवत नाही म्हणून दुकान बंद केलं. गावातले, नात्यातले लोक मला विचारायला येतात — फ्लॉवरचा भात कसा करायचा, जवसाची भाकरी फाटू नये म्हणून काय घालायचं. मी सांगतो. प्रत्येकाला आधी बजावतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. शिकलेलं पोर, म्हणतात. ताई अजून सणावाराला आली की उपासावरून अण्णांना एक टोमणा मारते, आणि अण्णा हसतात.

पेटी आहे. तिच्यात आता अंथरुणं ठेवतो. बी.एस्सी.ची अक्षरं थोडी उडालीत. कुलूप मी नागापूरला जाताना रस्त्यात टाकायला म्हणून कितीदा खिशात घातलं. ते लॅबमधल्या माझ्या खणात आहे.

त्या दिवशी वरवंट्याचाही एक टवका उडाला होता. आवरताना तो माझ्या लक्षात आला नाही. रोज कारळाची चटणी वाटताना ती धार माझ्या तळहाताला लागते. मध्ये मी म्हणालो, अण्णा, हा खराब झालाय, नवा आणतो.

अण्णा ओट्यावर बसले होते. कुणी दोन भाविक पाणी प्यायला थांबले होते, त्यांना ते आमच्या गावात कुलूप न्हाई हे सांगत होते. बोलणं पुरं केलं, भाविक गेले, मग त्यांनी आत बघितलं.

"राहू दे, सायेब," म्हणाले. "हाताला लागतंय, पर वाटलं जातंय."

मी चटणी वाटली. त्यांना वाढली.