दुकानाने आधी विचारायला हवं होतं

घाटनांदूरच्या आमच्या शाळेतले संगणक इतके जुने आहेत की नवीन काही टाकलं की ते धापा टाकतात. म्हणून मी, गणिताचा मास्तर, रिकाम्या तासांना बसून त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं हलकं लिनक्स टाकलं. त्यात डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, तऱ्हेतऱ्हेचे मिळतात; त्यांतला मुद्दाम साधा निवडला, वापरताना कुणाला विचारावं लागू नये असा. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर लहान करायचं, मोठं करायचं आणि बंद करायचं बटण. यंत्रं पळायला लागली.

मराठीच्या बाई तोवर त्या खोलीकडे फिरकत नव्हत्या. निवृत्तीला आलेल्या, अक्षर मोत्यासारखं. शाळेचं भित्तिपत्रक कायम त्यांच्या हातचं. पण मुलांची सहल कपिलधारला जाऊन आली, आणि धबधब्याचे फोटो बघून त्यांच्या मनानं घेतलं की या वेळी सगळं संगणकावर करायचं.

"सर, माझं मी करणार हाय. मधी मधी करू नका."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मेनूत सॉफ्टवेअर मिळायचं दुकान कुठं आहे ते दाखवलं, पासवर्ड सांगितला आणि तासाला गेलो.

परत आलो तर बाई हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी दुकानात 'फोटो' असं शोधलं होतं आणि सगळ्यात वर जे आलं ते घेतलं होतं. कुणीही तेच घेईल. पण ते ॲप बनवलं होतं भलत्याच डेस्कटॉपसाठी. त्यानं सोबत त्या डेस्कटॉपचा अर्धा पसारा उतरवून घेतला, आणि छोटी डिस्क काठोकाठ भरली. खिडकीला लहान करायचं बटणच नव्हतं. खिडकी आमच्या जुन्या मॉनिटरपेक्षा उंच. जतन करायचं बटण पडद्याच्या खाली कुठंतरी.

"फोटो कापले, ओळीनं लावले, नावं घातली," बाई म्हणाल्या. "आता ठेवायचं कुठून? बटनच सापडंना. माझं काय चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही, बाई."

मी खिडकी वर सरकवायला गेलो आणि यंत्र गपकन थिजलं. बंद करून चालू करावं लागलं. बाईंचं सगळं काम गेलं.

मग मी त्या दुकानात खाली खाली जात राहिलो. आमच्याच डेस्कटॉपसाठी बनवलेलं, हलकं, नीट चालणारं ॲप यादीत पार तळाला पडलं होतं. माझं डोकंच फिरलं. यंत्रावर कोणता डेस्कटॉप चालू आहे, हे त्या दुकानाला ठाऊक असतं. मग त्याला साजेसं आधी दाखवायला काय होतं? बाकीची काढून टाका असं कोण म्हणतंय? खाली ठेवा, ज्याला हवं तो घेईल.

बाईंच्या घरी मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक आलं की आमचे हे आधी इचारतात, मोटार कोणती? मग बेअरिंग काढतात. हे दुकान काहीच कसं इचारत न्हाई?"

दुकान बनवणाऱ्यांना मी सविस्तर लिहिलं. उत्तर सभ्य आलं. त्यांना सगळी ॲप्स सारखीच, निवड वापरणाऱ्यानं करायची. पण वापरणाऱ्याला 'डेस्कटॉप' म्हणजे काय हेच माहीत नसेल, तर तो कशातून काय निवडणार? यावर मी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर नाही.

डिस्क साफ केली, योग्य ते ॲप टाकलं आणि बाईंना बोलवायला गेलो. त्या वह्या तपासत होत्या.

"आता नीट चालतंय, बाई. या."

"नको सर. तुमीच करा. कुठं काय लावायचं ते मी सांगते." मी लई आग्रह केला. त्या हसल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत. मागं उभ्या राहून सांगत गेल्या. भित्तिपत्रक झालं, मुख्याध्यापकांनी कौतुकही केलं. मला ते ऐकवेना. आपल्या पायांनी चालत आलेलं माणूस परत गेलं होतं.

शेवटी मेनूतून ते दुकानच काढून टाकलं. परवा विज्ञानाच्या नव्या बाईंनी विचारलं, "सर, सॉफ्टवेअर हवं असेल तर कुठून घ्यायचं?"

"मला सांगा," मी म्हणालो, "मी टाकून देतो."

हे बोलताना चिडचिड होते. कुणाला विचारावं लागू नये, म्हणून तर मी हा सगळा खटाटोप केला होता.