कागदाएवढी फट

डोंगरमाथ्यावरच्या आमच्या एल आल्तो शहरात धातूचे दात जोडणारे पुष्कळ आहेत, पण फेर्मिनाबाईंसारखा हात दुसरा नाही. त्यांच्या कार्यशाळेच्या भिंतीपलीकडे मी घागरे शिवते, त्यामुळे तिथलं सगळं मला ऐकू येतं. ऐकायचं नसलं तरी.

तीस वर्षं बाईंनी गॅसच्या ज्योतीवर डाख दिला, म्हणजे फटीत धातू वितळवून तुकडे सांधले. आमच्या उंचीवरच्या विरळ हवेत ज्योतही आळशी, पण बाई तिला दामटतात. मग कोचाबांबाहून सून आली, नेल्वा, भाड्याचं लेझर यंत्र घेऊन. दंतवैद्य ओबांडो म्हणाले, "दोघींनी दोन-दोन तुकडे जोडून धातूची एकेक पट्टी करा. जिचा सांधा टिकेल, तिच्याकडे माझी कामं." नेल्वा हरली तर यंत्र परत जाणार, ती कोचाबांबाला परतणार, आणि तिच्यामागे बाईंचा मुलगाही.

दोन्ही जोड्यांचे तुकडे बाईंनीच मांडले. दोघींनी सांधे जोडले, पट्ट्या पकडीत धरून वाकवल्या. नेल्वाची पट्टी कटकन तुटली, बाईंची टिकली. आवाज ऐकून मी शिलाई थांबवून दारात आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

बाईंनी मात्र तुटका तुकडा भिंगाखाली धरला. कडा जुळलेल्या, मध्ये पोकळ.

"नेल्वा, हे आतून रिकामं कसं?"

"फट होती ना, आई."

"फट असणारच! कागदाएवढी ठेवते मी. नाहीतर डाख आत शिरणार कुठून?"

"लेझरला डाख नसतो. तुकडे एकमेकांना टेकलेले लागतात."

"मग टेकवले का नाहीस?"

"तुम्ही मांडलेलं मी कसं हलवू?"

"अगं बये, हलवलं असतंस तर काय हात झडला असता?" बाई ओरडल्या. मग खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. "आणि मी इकडे जिंकल्याच्या आनंदात!"

नेल्वाने नवी जोडी स्वतः टेकवून मांडली. या खेपेला आणखी जोर लावूनही तिची पट्टी वाकली, पण तुटली नाही. तेवढ्याच जोराला बाईंची मात्र डाखावरच तुटली. आता बाई भडकणार, असंच मला वाटलं.

बाईंनी फोन उचलला. "डॉक्टर, मी हरले. कामं सुनेकडे पाठवा." फोन ठेवून त्यांनी तुकडे मांडायचा आपला चिमटा नेल्वाच्या हातात दिला.

"उद्यापासून मांडणी तू करायचीस. माझ्या ज्योतीवरच्या कामांचीसुद्धा. आणि मी चुकले, तर लगेच बोलायचं."

"बरं, आई," नेल्वा म्हणाली. "मग आत्ताच बोलते. तुमचा गॅस चालूच राहिलाय."