शेटे सरांचं पंचविसावं नाव

विश्वेश्वर शेटे यांना कुणी खुर्चीत धड बसलेलं पाहिलं नाही. वर्गात ते चालत शिकवायचे, जेवताना त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे असायचं, आणि जून लागला की त्यांच्या पायाला भिंगरीच लागायची. वडील कल्याणराव यांचं वडवणीच्या बाजारात किराणा दुकान. मुलानं गल्ल्यावर बसावं, एवढीच त्यांची अपेक्षा. पण हा पठ्ठ्या अर्थशास्त्रात एम.ए. करून आला आणि ब्याण्णव साली माजलगाव रस्त्यावरच्या एका नव्या विनाअनुदानित कॉलेजात चिकटला. कॉलेज म्हणजे पत्र्याचे सहा वर्ग आणि पगार म्हणजे संस्थेला आठवण झाली तर. "माझं गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं," कल्याणराव म्हणायचे, "तुझं तुला घरोघर जाऊन आणावं लागतंय." हे बोलणं विश्वेश्वरला झोंबायचं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

शिकवताना मात्र माणूस रंगून जायचा. पुस्तकात अजून उद्योगांचे परवाने होते, सरकारी कारखान्यांची थोरवी होती. सकाळच्या पेपरात ते सगळं मोडीत निघालेलं. सर दोन्ही शिकवायचे. "परीक्षेत पुस्तकातलं लिहा, जगताना पेपरातलं ध्यानात ठेवा," असं म्हणून फळ्यापुढं तीन फेऱ्या मारायचे. पोरं हसायची आणि मान डोलवायची.

पण मागणी-पुरवठा शिकायला त्या कॉलेजात कोण येणार? आमच्या भागात तेव्हा बी.ए. करायचं ते बी.एड.साठी आणि बी.एड. करायचं ते मास्तर होण्यासाठी. ऊसतोडीतून सुटायला दुसरा रस्ता कुणाला दिसत नव्हता. दर जूनमध्ये, साखर कारखान्यांचा हंगाम संपून माणसं गावी परतली की, सर लुनावर बसून बारावी पास पोरांची घरं गाठायचे. "अर्थशास्त्र घे, बी.ए. हो, पुढं बी.एड. कर. नोकरी ठेवलेलीच आहे." कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच गटात होते. एक घेतलं की दुसरं सुटायचं, आणि बाकीचे ऐच्छिक विषय म्हणजे समाजशास्त्र आणि लोकप्रशासन. इतिहासाकडे पोरं न बोलावता जायची, अर्थशास्त्राला मात्र अशी वणवण.

पंच्याण्णव साली पहिली तुकडी पास झाली, आणि सिदू नावाचा विद्यार्थी बी.एड.चा फॉर्म हातात घेऊन माघारी आला. "सर, खिडकीवरचा बाबू म्हणतोय, शाळंत शिकवायचा एक तरी विषय पायजे. इतिहास, भूगोल, भाषा, कायबी. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, ह्यातलं एक बी शाळंत चालत न्हाई म्हणला."

काहीतरी घोळ असेल म्हणून सर दुसऱ्याच दिवशी बीडच्या बी.एड. कॉलेजात गेले आणि नोटीस बोर्डावरचा नियम त्यांनी स्वतः वाचला. घोळ काही नव्हता. शाळेला अर्थशास्त्राचा वेगळा मास्तर लागतच नव्हता.

परतताना एसटीत त्यांनी ठरवलं, पुढच्या जूनमध्ये प्रत्येक घरी खरं सांगायचं. जून आला आणि सरांनी जुनंच वाक्य म्हटलं. नियम बदलेल, पोरं एम.ए. करतील, ज्युनिअर कॉलेजात लागतील, असं ते स्वतःला समजावत राहिले. झोप मात्र उडाली ती उडालीच. या माणसाची कीव करावी की दोन शब्द सुनावावेत, कळत नाही.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून घेतलं. कॉलेज अनुदानावर येणार होतं. पहिल्या वर्षाला ज्या विषयाला पंचवीस पोरं असतील, त्याच विषयाची जागा कायम होणार. फॉर्म शुक्रवारपर्यंत हवेत. पाच वर्षं झिजलेल्या सरांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी गावं पालथी घातली. पार उमापूरच्या दोघांना घरी जाऊन राजी केलं, कॉलेज सुरू झाल्यावर त्यांनी पाहुण्यांकडे राहायची सोयसुद्धा स्वतः ठरवून ठेवली. बुधवारी दुपारी त्यांच्या पिशवीत चोवीस फॉर्म होते आणि एकच घर उरलं होतं. ते पंडितचं.

पंडित ऊसतोड करणारा. वडवणीमागच्या डोंगरातल्या वस्तीवर त्याचं घर. थोरली मुलगी राजनंदिनी सरांचीच विद्यार्थिनी. आई-बाप तीन हंगाम कारखान्यावर, आणि ही मावशीकडे राहून शिकलेली. गेल्या साली अर्थशास्त्रात कॉलेजात पहिली आली होती. त्यानंतर सर वस्तीकडे फिरकले नव्हते. आता तिचा धाकटा भाऊ सोमेश्वर बारावी झाला होता.

पंडितनं घाईघाईनं घोंगडी अंथरली. "बसा सर. लई दिसानं आलात. पोरीचं काय जमलं न्हाई बगा. बी.एड.चा फारम माघारी आला. आमी अडाणी, अन् ती बी घायकुतीची. कायतरी चुकीचं लिवलं आसंल. म्हणून म्हन्लं, ह्याचा फारम तुमच्याच हातानं लिवून घ्यावा."

राजनंदिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली वळवली.

"माझंच चुकलं सर," ती म्हणाली.

सरांना चटका बसला. तो नियम तिनंही वाचला असणार. कॉलेजात पहिली आलेल्या पोरीला एवढं कळलं नसेल होय? बापाच्या मनात सरांचा मान राहावा म्हणून तिनं वर्षभर दोष आपल्या अंगावर घेतला होता, आणि आताही घेत होती.

सोमेश्वरनं फॉर्म पुढं केला. सरांनी पेन काढलं. 'ऐच्छिक विषय' या रकान्यावर टेकवलं. चार अक्षरं लिहायची, की जागा पक्की. पेन काही हलेना.

"पंडितराव," सर एकदम म्हणाले, "पोरीनं काही चुकवलं नाही. चुकीचे विषय मी दिले. त्या विषयांवर बी.एड. होत नाही."

पंडितला आधी उमजलंच नाही. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"मंग आज पुन्ना कशापायी आलात?"

सरांना काहीही सांगता आलं असतं. मागं दोन वर्षं तेच तर चाललं होतं. "माझी नोकरी पक्की व्हायला एक नाव कमी पडत होतं," ते म्हणाले.

पंडित ओरडला असता तर बरं झालं असतं. तो लेकीकडे वळला. "अन् तू बी मला बोलली न्हाईस," एवढंच म्हणाला. शरमेनं सरांना मान वर करवेना.

राजनंदिनीनं तांब्या खाली ठेवला. सरांच्या हातातलं पेन घेतलं आणि भावाच्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात इतिहास लिहिलं. मग तिनं त्यांची पिशवी ओढली आणि सगळे फॉर्म घोंगडीवर मांडले.

"चोवीस हायेत. ह्या सगळ्यांना बी.एड. व्हायचंय?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"अन् तुमी सगळ्यांना तेच सांगितलंय?"

सरांनी पुन्हा मान हलवली. ती गावं वाचून फॉर्मचे वेगवेगळे गठ्ठे करू लागली. "परवा शेवटची तारीख. वडवणीची सात घरं आजच होत्याल. उमापूर लांब हाय, तिथं उद्या पहिल्या गाडीनं जावं लागंल." तिनं गठ्ठे पिशवीत भरले, पायात चपला घातल्या आणि बापाला म्हणाली, "आबा, मी जाऊन येते."

"तू कशाला?" सर उठत म्हणाले. "मी सांगतो सगळ्यांना. खरं तेच सांगतो."

"एकदा फॉर्म भरून घेतला अन् आता नको म्हणताय, लोकाला पटायचं न्हाई सर," राजनंदिनी म्हणाली. "तुमी नुसतं माझ्याकडं बोट दावा."