उजवीकडची स्प्रिंग

वाकडे दात सरळ करण्याचं शिक्षण घेत असताना मला एक प्रबंध लिहायचा होता. माझ्या मार्गदर्शक मॅडम दर शनिवारी चंद्रपूरला पेशंट बघत. मी चंद्रपूरजवळच्या भद्रावतीची, त्यामुळे त्यांच्या हाताखाली तिथेच काम करायची परवानगी मिळाली.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हलका पण सतत जोर लावला, की तो ज्या दिशेला सरकतो तिकडचं हाड विरत जातं आणि त्याच्यामागे नवं भरून येतं. जोर फार झाला तर दात उलट अडून बसतो, कधी मुळाचं टोकही झिजतं. पण 'फार' म्हणजे नेमका किती, यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. मी तोच विषय घेतला होता. एकाच माणसाच्या तोंडात डावीकडे हलकी स्प्रिंग, उजवीकडे थोडी कडक. दर महिन्याला दातांचा ठसा घ्यायचा, प्लास्टरचा साचा करायचा आणि मागचा एकेक दात काढून केलेल्या जागेत दोन्ही बाजूंचे सुळे किती सरकले ते मोजायचं.

माझ्या पेशंटांमध्ये एटापल्लीच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी होती. चंद्रपुरात नर्सिंग शिकत होती. वरचे दात इतके पुढे, की ओठ मिटत नसत. बोलताना हात आपोआप तोंडावर जायचा. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं, एका बाजूला ओढ जास्त असेल हेही. तिने विचारलं, "दुखंल का?" मी म्हटलं, "दोन-तीन दिवस. जास्त दुखलं तर लगेच ये." तिने सही केली. तीन महिने ती अगदी वेळेवर आली.

मग ती आलीच नाही. फोन बंद. होस्टेलवर विचारलं तर कळलं, घर शाकारताना वडील पडले, पाय मोडला, ती गावी गेली आहे. पावसामुळे नाल्याच्या पुलावरून पाणी जात होतं. दोन महिने गेले.

स्प्रिंगला काय, मी असो नसो, ती ओढतच राहणार. उजवीकडचं मूळ झिजलं असेल तर? झिजलेलं मूळ परत वाढत नाही. पुढे कधी तो दात हलायला लागला, तर ते माझ्या प्रबंधामुळे. घरी आई विचारायची, "काऊन जेवत नाई तू?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. शेवटी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे बसून मूळ दिसणार आहे का? जा, बघून ये."

आरसा, चिमटा आणि तार कापायची पक्कड पिशवीत टाकून मी एसटीत बसले. आलापल्लीनंतर सूरजागडच्या लोहखाणीतून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली, आणि एटापल्लीला पोचेस्तोवर दुपार झाली. पुढे काळी-पिवळी जीप, आणि मग चिखलातून पायी.

ती धानाच्या बांधीत होती, गुडघाभर पाण्यात रोपं लावत; रोवणा चालू होता. मला पाहून सरळ उभी राहिली.

"मॅडम, तुमी इथी कशा?"

"तू आली नाहीस म्हणून. तोंड उघड आधी."

ती पाण्याबाहेर आली. मी तिला बांधावर बसवलं, हनुवटी उन्हाकडे वळवली. डावीकडे स्प्रिंग जागेवर होती, आणि सुळा पार मागच्या दाताला जाऊन टेकला होता. उजवीकडे स्प्रिंगच नव्हती.

"हे काय? कधी तुटली?"

"तुटली नाई जी. म्या काढली." ती जरा घाबरली होती. "मागच्या बारीले तुमच्याकडून आली, तवापासून तिकडं लय ठणके. आठ दिवस पाह्यलं. तुमी लगेच ये म्हटलं होतं, पण बाबाचा पाय तसा. मग सेफ्टी पिननं अलगद सोडवली."

"आणि डावीकडची?"

"ते बिचारी चांगली काम करून राह्यली होती. राहू देली." मग हळूच म्हणाली, "तुमचं लिवनं बिघडलं काय?"

बिघडलंच होतं. पण मला तेव्हा त्याचं काहीच वाटेना. दोन महिने ओढत राहिली असं मी धरून बसले होते, ती स्प्रिंग आठ दिवसांतच निघाली होती. मी तिच्या शेजारी चिखलातच बसले. किती दिवसांनी पुरता श्वास घेत होते कोण जाणे. "नाही बिघडलं," मी म्हटलं, "तू बरंच केलंस."

डावीकडची स्प्रिंगही मी तिथेच सोडवून घेतली. बांधीत रोपं लावत असलेली तिची आई गोंडीत काहीतरी बोलली. ती म्हणाली, "आई म्हनते, जेवल्याबिगर जाऊ नोका." घरी खाटेवर वडील पाय लांबवून बसले होते. त्यांच्याशेजारी बसून मी भात आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी खाल्ली. दोनदा वाढून घेतली.

रोवणा आटोपल्यावर ती चंद्रपूरला आली. एक्स-रे काढला. मॅडमनी तो उजेडासमोर धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला. दोन्ही मुळं शाबूत होती. एका तोंडावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. तरी तो एक्स-रे मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

"आता हिचं प्रबंधात काय लिहू?" मी विचारलं.

"झालं ते लिही. दुखलं, तिने काढलं. आणि उरलेल्या पेशंटांना आजच फोन कर. कुणाला ठणकत असेल तर त्यांचीही स्प्रिंग हलकी करून टाक."

मी त्याच दिवशी सगळ्यांना फोन केले. दोघांची बदलावी लागली. प्रबंध सहा महिने लांबला. तिची उजवी बाजू पुढे हलक्या स्प्रिंगनेच मागे आली, सावकाश, न ठणकता.

तारा काढल्या त्या दिवशी तिने आरसा मागितला. हसून बघेल असं मला वाटलं होतं. तिने नुसते ओठ मिटून पाहिले. ते पूर्ण मिटले.