फाटकावरचे लाडू

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुकटपल्लीतून विधानसभेला अपक्ष उभे राहिले तेव्हा आमच्या नारायणगुड्याच्या घरात आनंदीआनंद झाला, असं म्हणणं शुद्ध थाप ठरेल. आईने त्यांच्याशी अबोला धरला. मी बोलले, आणि जरा जास्तच बोलले. पण बाबांनी एकदा मनात घेतलं की संपलं. तीस वर्षं त्यांचा पंपांचा कारखाना कुकटपल्लीत. पंप बनवणाऱ्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत नळाला पाणी नाही, बायका टँकरमागे धावतात, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. एका पक्षाने तिकिटासाठी बोलावलं आणि सकाळभर बाकावर बसवून ठेवलं. बाबा उठून आले आणि अपक्षाचा अर्ज भरला. चिन्ह मागितलं नळ, मिळाला फुगा.

"नक्को गं काळजी करू," ते मला म्हणाले. "माझे कामगार आहेत ना. ते, त्यांची घरं, त्यांचे शेजारी. तिथूनच सुरुवात."

या कामगारांशी त्यांचा एक जुना रिवाज होता. कुठलीही निवडणूक असो, बाबा कारखाना चांगला चार दिवस बंद ठेवायचे आणि भाड्याच्या बसमधून सगळ्यांना गावी पाठवायचे. ज्याचं नाव जिथल्या यादीत, त्याने तिथे जाऊन मत द्यायचं, सबब चालणार नाही. परत आले की बाबा स्वतः फाटकावर बुंदीच्या लाडवांचं खोकं घेऊन उभे. "उंगली बताओ, लड्डू लेओ!" शाई दिसली तर लाडू, नाही तर अख्ख्या रांगेसमोर बोलणी. लहानपणी मी ते खोकं धरायला जायची.

प्रचाराला आठवडा झाला होता. जेवताना बाबा कामगारांच्या भरवशावर मतांचे मनोरे रचत होते. आईने भाजीचा चमचा पातेल्यात ठेवला आणि अबोला सोडला. "अहो, ज्यांना तुम्ही स्वतः गाडीत बसवून गावी धाडता, ते इथे मत कसं देणार?"

बाबांचा घास हातातच राहिला. खरंच, एवढा हिशेबी माणूस, पण ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. माणसं रोज डोळ्यांसमोर, म्हणजे मतंही इथेच, असं ते धरून चालले होते. यादीत नाव बदलायची मुदत तर केव्हाच उलटून गेली होती. मी हसले, आणि त्यांचं तोंड पाहून लगेच लाजले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा फोरमन घरी आला. बाबांच्याच वयाचा, पहिल्या दिवसापासून सोबत. "सार, इस बार बस नक्को. मत नहीं तो नहीं, हम लोगां बूथ के बाहर आपका टेबल लेके बैठते. खाली टेबल दिखा तो लोगां हँसते." मलाही ते पटलं. बाबांना सगळ्यात भीती होती ती हसं होण्याचीच. जिथे तीस वर्षं मान मिळाला, तिथे रिकाम्या टेबलाचा उमेदवार म्हणून ओळखलं जाण्याची. तरी त्यांनी बसवाल्याला फोन लावून गाड्या सांगितल्या. मग म्हणाले, "बस आते. तुम लोगां जाओ."

मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बस रवाना केल्या. मतदानाच्या दिवशी आमची टेबलं बहुतेक रिकामीच राहिली. एकावर मी आणि आई, शेजारी फुग्याचं चित्र. भर दुपारी उमेदवारच गायब! तर हे नारायणगुड्याला जाऊन मत देऊन आले, कारण त्यांचं नाव तिथल्या यादीत. आई म्हणाली, "स्वतः उभे इथे आणि मत दिलं परक्याला. कुणाला दिलंत?" बाबा म्हणाले, "गुप्त मतदान असतं."

निकालात अनामत गेली. कारखाना उघडायच्या सकाळी बाबा अंथरुणातून उठेनात. "आज नाही जात," म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की मला राग येतो. मी ओरडले, "लोकांना बोटं दाखवायला लावता आणि स्वतः तोंड लपवता?" गाडीही मीच चालवली.

फाटकावर बाबा खाली मान घालून उतरले. लाडू सांगायचं या खेपेला कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात रिकामे होते. समोर सगळे कामगार उभे आणि पुढे फोरमन. त्याच्या हातात बस स्टँडवरून आणलेलं मिठाईचं खोकं.

"सार," तो म्हणाला, "उंगली बताओ."

बाबांनी शाळकरी पोरासारखं बोट पुढे केलं. फोरमनने ते धरून नीट पाहिलं, शाई अंगठ्याने घासून खरी असल्याची खात्री केली, आणि मग त्यांच्या हातावर लाडू ठेवला. बाबा सगळ्यांसमोर रडले. रडत रडतच त्यांनी लाडू खाल्ला, आणि तोंड भरलेलं असतानाच रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "तू बता."